मेस्त्रीसमोर चालते

मेस्त्रीसमोर ती कधीच बंद पडत नाही.
व्हाळशीला, इनासच्या गॅरेजात, फणसाखाली
बोनेट उघडं टाकून तासभर घुमत राहते
आणि इनास कान वाकडा करून ऐकतो,
तेलकट बोटं पुसत म्हणतो,
"कांयच ना गो हिका."

काही नाही कसं?
काल मयेच्या चढावर, पाठीमागे चाळीस किलो खाजं,
आल्या-गुळाचा वास बसलेला सीटच्या कापडात,
पुढे कदंब बस, मागे रेतीचा टिप्पर,
आणि हिला एक उचकी, दोन उचक्या,
मग गप्प.
हँडब्रेक ओढला. चाकामागे दगड लावला,
तो दगड आता कायम माझ्या पायाशी असतो.
दहा मिनिटं.
मग किल्ली फिरवली तर अशी सुरू झाली
की टिप्परवाल्याला वाटलं, बाई उगाच थांबली.

प्लग बदलले. प्लगच्या वायरी बदलल्या.
कॉइल, म्हापशाहून जुनी, मग फोंड्याहून नवी.
कार्बोरेटर तीनदा उघडला, तीनदा तेच निघालं: स्वच्छ.
काढलेले भाग मी खाजाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत.
नवरा म्हणतो, यातला एखादा तरी निर्दोष असणार.
मला वाटतं, सगळेच.

बाकी निदान गावभर फुकट मिळतं.
पंचायतीतला कारकून म्हणतो, पेट्रोलात पाणी.
दीर म्हणतो, वीक ती.
नवऱ्याने लिंबू-मिरची बांधली,
लिंबू चामड्यासारखं वाळलं, मिरच्या गळाल्या,
आणि थांबायचं तिथे ती थांबत राहिली.

शेवटी उधारीच्या वहीच्या मागल्या पानांवर
मी लिहायला लागले:
तारीख. जागा. ऊन. किती ओझं. काटा कुठे.
सोमवार, साखळी बाजार, काटा अर्ध्याखाली.
शुक्रवार, माशेल, ओझं काही नाही, काटा अर्ध्याखाली.
इनासने वही उलटसुलट पाहिली, चष्मा लावून, चष्म्याशिवाय.
"जत्रेला मी येतो," म्हणाला.

तीन जत्रा तो मागे खाजाच्या पोत्यांवर बसून आला,
मांडीवर बॅटरी आणि पान्यांची पिशवी,
तीन जत्रा ही सुतासारखी चालली.
तो फुकट चणे खाऊन परत गेला.
चौथ्यांदा, कुंडईहून येताना, रात्री दोनला,
आमोणेच्या पुलावर, खाली मांडवीत रिकामी बार्ज,
एक उचकी.
"आयली!" इनास ओरडला,
आपलं मूल पहिला शब्द बोलल्यासारखा.
त्या सहा महिन्यांत गाडी बंद पडल्याचा आनंद
कुणाला झालेला मी पहिल्यांदा पाहिला.
रस्त्यावर आडवा झाला, पंपाकडची नळी सोडली,
तोंडाने फुंकली,
आणि टाकीत काहीतरी
बुड् करून सुटलं.

सकाळी टाकी उतरवली.
पेट्रोल फडक्यातून गाळलं. फडक्यावर राहिला
नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, निळ्या रेघेचा.
इंजिन ओढायला लागलं की नळीच्या तोंडाला चिकटायचा,
ते थकून थांबलं की आपसूक खाली पडायचा.
"खंयसून आयलो हो?" इनास उजेडात धरून विचारत होता.

निळ्या रेघेच्या पिशव्या माझ्याच.
अर्धा किलो खाजं, गाठ मारून.
टाकीचं झाकण हरवलं होतं त्या श्रावणात,
नवं मिळेपर्यंत पिशवी दुमडून, रबर लावून
कुणी बांधली होती ते मला आठवलं
आणि मी म्हटलं,
"कुणास ठाऊक."

आता ती थांबत नाही.
दगड मात्र पायाशी आहे.
मयेचा चढ आला की अजून रेडिओ बंद करते,
ऐकत राहते, काटा, ओझं, ऊन.
परवा चढाच्या मध्यावर उचकी आली.
पाय ब्रेककडे गेला, मागून हॉर्न वाजला,
नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली.
माझीच होती.